सोनसळीला आलेला वास

१

दोन नंबरच्या टाकीतली बिअर बिघडली आहे, हे आधी थोरल्या जाऊबाईंच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी पेला नाकाशी नेला, एक घोट घेतला, क्षणभर तोंडात धरला आणि कोणाकडेही न बघता बेसिनमध्ये थुंकला.

टाकी तयार झाली की बाटल्या भरण्याआधी सगळ्यांनी मिळून चव घ्यायची, ही त्या छोट्या ब्रुअरीची रीत. दोघे भाऊ माल पोचवायला बाहेरगावी असले की चवीच्या टेबलाशी चौघं उरत: कारभार बघणाऱ्या थोरल्या जाऊबाई, बिअर शिजवणारे मास्तर, सफाईच्या मावशी आणि प्रयोगशाळा सांभाळणारी धाकटी सून. पाचवी धाकटीच्या कडेवर असे. आठ महिन्यांची ठकी. तिला चव घ्यायची परवानगी नव्हती, पण हात पेल्यापर्यंत पोचायचे.

"हॉस्पिटल," जाऊबाई म्हणाल्या. "फरशी पुसल्यावर तिथल्या पॅसेजमध्ये येतो ना, तो वास."

मावशींनी घोट घेऊन डोळे मिटले. "बाई गं! दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटतंय."

मास्तरांनी सर्वांत शेवटी पेला उचलला. एरवी पहिला घोट त्यांचा असे. चाळीस वर्षं ब्रुअरी त्यांच्या नाकावर चालली होती. बिअर शिजवायच्या दिवशी ते सकाळी पेलाभर पाणी गरम करायचे, त्यावर बशी झाकायचे, मिनिटभराने बशी सरकवून हुंगायचे. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन कोळशाच्या फिल्टरने पुरतं काढलंय की नाही, ते त्या एका हुंगण्यात ठरायचं. त्यांनी "स्वच्छ" म्हटल्यावाचून चूल पेटत नसे.

"कडूपणा बरोबर आहे," मास्तर सावकाश म्हणाले. मग दोघींच्या तोंडांकडे पाहून पेला खाली ठेवला. "पण हो, औषधी काहीतरी आहे खरं."

बारा‍शे लिटर होते. तेही सोनसळीचे. ब्रुअरीच्या तीन बिअर होत्या, गव्हाळ, काळी आणि सोनसळी, आणि लोक दारात येऊन नाव घ्यायचे ते सोनसळीचं.

धाकटीला चव घ्यायचीही गरज पडली नाही. क्लोरीनचा थेंबभर अंश माल्टला भेटला की हाच वास तयार होतो, हे ती कॉलेजात शिकली होती. म्हणून तर इथे टाक्या वेगळ्या आम्लाने धुवायच्या आणि क्लोरीनची कुठलीही वस्तू फाटकाच्या आत आणायची नाही, असा नियम होता.

नियमाला अपवाद एकच होता. प्रयोगशाळेच्या खिडकीत, निळ्या टबात, क्लोरीनची गोळी विरघळवलेल्या पाण्यात ठकीच्या दुधाच्या बाटल्या बुडवलेल्या असत.

तिघांच्याही माना एकदमच खिडकीकडे वळल्या.

२

"मी काही तुला मुद्दाम केलंस म्हणत नाही," जाऊबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे, त्यामुळे तो टाळताही येत नसे. "पण हिशेब सरळ आहे. सोनसळी शिजली तीन आठवड्यांपूर्वीच्या बुधवारी. संध्याकाळी नळीने टाकीत गेली. ती नळी धुतात कुठे? तुझ्या खोलीतल्या बेसिनमध्ये. तू टब ओततेस कुठे?"

"मी टब बाहेरच्या मोरीत ओतते, ताई."

"रोज?"

त्या आठवड्यात ठकीला दात येत होते. बुधवारपुरतीच ती कामावर आली होती, मग ताप वाढला म्हणून परवापर्यंत घरीच होती. त्या बुधवारी ती सलग दोन तासही झोपलेली नव्हती. गॅस बंद केला का, हे बघायला ती रस्त्यातून दोनदा परत गेली होती. टब कुठे ओतला, याची शपथ तिने कशावर घ्यावी?

"जाऊ द्या, ताई," मास्तर मध्ये पडले. ठकीला त्यांनी आपल्याकडे घेतलं होतं. "पोर आहे ती. रात्रीची झोप नाही. माणसाच्या हातून होतं."

मास्तरांनी असा कैवार घेतला की आरोप पक्काच झाला.

"सोमवारी टाकी गटारात सोडू," जाऊबाई म्हणाल्या. "आणि सोमवारपासून पाळणा इथे नको. पाळणा घरी म्हणजे तूही घरी, हे मला कळतं. तपासण्या बाहेरून करून घेऊ. वर्षभराने बघू."

वर्षभराने बघू, याचा अर्थ धाकटीला नीट माहीत होता. तिच्या दोन मैत्रिणींचं शिक्षण त्याच वाक्याच्या कपाटात घडी घालून पडलं होतं.

एवढ्यात मावशींनी पदर नाकाला लावला. जाऊबाई दोन पावलं मागे सरकल्या आणि त्यांनी खिडकी उघडली. मास्तर आपले ठकीला छातीशी धरून डोलवत होते. "काय गं, कोणावर रागावलीस?" असं तिच्या कानाशी लागून चाललं होतं.

"अहो मास्तर," मावशी पदराआडून म्हणाल्या, "रागावली नाही, तिने बार उडवलाय! इथवर दरवळला."

"हो का?" मास्तर म्हणाले आणि गडबडीने त्यांनी ठकी आईच्या हातात दिली.

डायपर बदलताना धाकटीचं सगळं लक्ष टबाकडे होतं. हातापाशीच पुरावा पडला होता, पण तिला तो दिसला नाही.

३

शनिवारी सकाळी तिने शोध सुरू केला. निर्दोष ठरण्यापेक्षा तिला खरं कळायला हवं होतं. टब जर खरंच तिने बेसिनमध्ये ओतला असेल, तर तेही.

मावशी माल्टच्या गोण्यांमागे केर काढत होत्या.

"मावशी, राग मानू नका. ब्लीच—"

"माझ्यावर आलात का?" मावशींनी झाडू उभा धरला. "घरी वापरते. लपवू कशाला? पण इथे आणायची माझी काय बिशाद! तीन वर्षांमागे घरची फरशी पुसून, हात साबणाने धुऊन आले होते. तरी मास्तरांनी दारातूनच परत पाठवलं. म्हणाले, हाताला वास येतोय, उद्या ये." त्या हसल्या. "हल्ली काही बोलत नाहीत. काल-परवा घरचं ब्लीच करूनच आले, एक शब्द नाही. वय झालं की माणूस मऊ पडतो."

धाकटीने मान डोलावली. मग तिला साक्षीची बाटली आठवली.

शिजलेला गोड काढा नळीत जाण्याआधी, थेट उकळीच्या टाकीतून एक छोटी बाटली भरायची आणि थंड खोलीत ठेवायची, ही मास्तरांची जुनी सवय. पुढे काही बिनसलं तर ती बाटली साक्ष देते. हा काढा नळीतून गेलेला नसतो, टाकीतही गेलेला नसतो.

थंड खोलीच्या वरच्या फळीवर बुधवारच्या तारखेची बाटली सापडली. धाकटीने बूच काढलं. पुन्हा तोच हॉस्पिटलचा पॅसेज.

म्हणजे बिघाड नळीच्या आधी झाला होता. तिचं बेसिन निर्दोष होतं! ती बाटली घेऊन जवळजवळ धावतच ऑफिसात गेली.

जाऊबाईंनी बाटली हुंगली, बूच परत बसवलं आणि चष्म्यावरून पाहिलं.

"या बाटल्या धुतं कोण?"

साक्षीच्या बाटल्या धुवायचं काम तिचंच होतं. त्याच बेसिनमध्ये.

४

दुपारी घरी ठकी झोपल्यावर तिने वही काढली.

ही वही सगळ्यांच्या चेष्टेचा विषय होती. ठकी किती वाजता प्यायली, किती मिनिटं झोपली, कशी शी केली, शिंका किती, सगळं तारीखवार. नवरा म्हणायचा, एवढी नोंद अंतराळवीरांचीही ठेवत नाहीत. धाकटीला त्या बुधवारी टब किती वाजता ओतला हे हवं होतं. तेवढं मात्र वहीत नव्हतं. होतं ते असं:

'बुध. पहाटे ५.१०, शंभर मिली. रडणं. ताप नाही. नळाच्या पाण्याला पोहण्याच्या तलावासारखा वास! उकळून तासभर उघडं ठेवलं, मग दूध कालवलं. ठकीने तोंड वाकडं केलं नाही.'

ती तीनदा वाचून थांबली. वास घरच्या नळाला आला होता, ब्रुअरीलाही त्याच लाइनचं पाणी होतं.

फिल्टरवाल्याचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. ठकी उठताच तिला कडेवर मारून ती तिथे पोचली. तो कोळशाच्या पिशव्यांवर बसून डबा खात होता.

"त्या बुधवारचं विचारताय?" त्याने कपाळाला हात लावला. "मोठी लाइन फुटली होती. दुरुस्त केली आणि पाणीखात्याने क्लोरीन असं ओतलं की विचारू नका. दिवसभर फोन. बेकरी, लॉन्ड्री, शाळा. रंगीत मासे विकणारा तर चक्क रडत होता. फक्त तुमच्याकडून फोन नाही! म्हटलं हे कसं? म्हणून गुरुवारी मीच आलो आपणहून."

"आणि कोळसा?"

"कोळसा कसला, चिखल झालेला. आधीच दमलेला, त्या बुधवारी पार संपला. नवा भरला."

म्हणजे गव्हाळ आधीच शिजली होती, काळी शनिवारी नव्या कोळशातून गेली, आणि मध्ये सापडली ती एकटी सोनसळी. सगळं जागच्या जागी बसलं.

"पण तो तारखेवर का नाही बदलत तुम्ही?"

"तुमच्या मास्तरांना तारीख चालत नाही," तो म्हणाला. "माझ्या यंत्राआधी त्यांचं नाक बोलायचं. 'कोळसा दमलाय, ये' असा फोन यायचा, आणि खरंच दमलेला असायचा. या हिवाळ्यापासून एकही फोन नाही बघा. मला वाटलं, दुसरा माणूस धरलात की काय."

ठकीने त्याच्या डब्याच्या झाकणावर हात मारला. धाकटीला ते ऐकू आलं नाही. ब्रुअरीच्या रोजनाम्यात त्या बुधवारच्या पानावर तिने स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं होतं, मास्तरांच्या ठसठशीत अक्षरात: 'पाणी हुंगलं. स्वच्छ.'

तलावासारखा वास मारणारं पाणी त्या माणसाने हुंगलं होतं आणि स्वच्छ म्हणून लिहिलं होतं. मग एक तर तो खोटं लिहीत होता, नाही तर...

५

रविवारी ब्रुअरी बंद असे. सोमवारी ती सगळ्यांच्या आधी पोचली, ठकीला पाळण्यात ठेवलं आणि चवीच्या टेबलावरचं जाड रजिस्टर उघडलं.

यात मास्तर प्रत्येक टाकीची चव लिहीत. गेल्या वर्षीची पानं वाचताना तोंडाला पाणी सुटायचं. 'गव्हाळ: पिकल्या केळ्याच्या सालीचा वास, मागून लवंग.' 'काळी: करपायच्या बेतातला पाव.' 'सोनसळी: कापलेलं गवत, ऊन पडल्यावरचं.' एके ठिकाणी तर 'नव्या कोऱ्या पुस्तकासारखी' असंही होतं.

मग हिवाळा आला. मास्तर तापाने दोन आठवडे घरी होते, तेवढी पानं कोरी. त्यानंतर: 'गव्हाळ: गोडी बेताची, कडूपणा नीट.' 'काळी: कडू जरा जास्त.' 'सोनसळी: आंबटपणा नाही, ठीक.' पानामागून पान गोड, कडू, आंबट. केळं नाही, गवत नाही, पाव नाही.

गोड, कडू, आंबट हे जिभेला कळतं. बाकी सगळं नाकाचं काम.

आता बाकीचं आपोआप रांगेत आलं. शुक्रवारी शेवटी उचललेला पेला, आणि दोघींची तोंडं बघितल्यावर आठवलेलं 'औषधी काहीतरी'. हाताला ब्लीचचा वास घेऊन आलेल्या मावशींना न हटकणं. फिल्टरवाल्याला न गेलेले फोन. आणि ठकी. खिडकी उघडावी लागली तरी तिला छातीशी धरून, नाक तिच्या टाळूला टेकवून डोलणारे मास्तर. सगळ्या ब्रुअरीला जो वास आला, तो तिला धरणाऱ्यालाच आला नव्हता.

तापाबरोबर त्यांचं नाक गेलं होतं.

धाकटीला जिंकल्यासारखं काहीच वाटलं नाही. प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी जाऊबाई नको म्हणत असताना "पाळणा बेसिनपासून लांब ठेव म्हणजे झालं" असं म्हणून खिळा ठोकून देणारे मास्तरच होते. आता तिने बोलावं तर त्यांचं काम जाणार, गप्प राहावं तर तिचं.

तिने तीन पेले काढले. तिन्हींत गरम पाणी ओतलं. मधल्यात टबातलं चमचाभर पाणी घातलं. तिन्हींवर बश्या झाकल्या आणि वाट बघत बसली.

मास्तर आत आले, टोपी खुंटीला अडकवली आणि टेबलाकडे बघून थांबले.

६

"तीन?" ते म्हणाले.

"एकात वास आहे, मास्तर. कुठल्यात ते सांगा."

ते खुर्चीत बसले. हात बशीपर्यंत गेला, बशीच्या कडेवरून बोट फिरलं. बशी उचलली मात्र नाही.

"म्हणजे कळलंय तुला, सूनबाई."

तिने रजिस्टर त्यांच्याकडे सरकवलं.

"मला वाटलं, येईल परत. सर्दी जाते तसं जाईल. सकाळी उठलो की आधी साबण हुंगतो." त्यांनी पेला थोडा दूर सारला. "मावशी म्हणाल्या, कोळसा बदलून गेला, अगदी चिखल झाला होता. तेव्हाच शंका आली."

"मग शुक्रवारी माझ्यावर—"

"तुझा टब असूही शकत होता ना?" ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "नव्हताच, असं मला तरी कुठे माहीत होतं? त्या एवढ्याशा शक्यतेला धरून दोन दिवस काढले. चांगलं नाही केलं मी."

धाकटीला हे नको इतकं समजलं. टब नसावा म्हणून तिनेही दोन दिवस अशाच कशाकशाला धरलं होतं.

"तुम्ही ताईंना सांगणार, की मी सांगू?"

"कोणी सांगायला नको," दारातून आवाज आला. जाऊबाई केव्हापासून उभ्या होत्या, कोण जाणे. त्या आत आल्या. एकेक बशी उचलून त्यांनी तिन्ही पेले हुंगले, मधल्याशी नाक मुरडलं. मग धाकटीने मांडलेली वही वाचली, रजिस्टरची हिवाळ्याआधीची आणि नंतरची पानं पाहिली. त्यांना समजायला फार वेळ लागला नाही.

"हिवाळ्यातच सांगितलं असतंत, मास्तर, तर बाराशे लिटर वाचले असते."

"हो."

"आणि ही घरी बसणार होती आजपासून."

"हो, ताई." मास्तर उठले आणि त्यांनी खुंटीवरची टोपी परत काढली. "नाकाशिवाय मास्तर ठेवून काय करणार तुम्ही?"

"टोपी ठेवा ती," जाऊबाई म्हणाल्या. "चुलीची आच कोण बघणार? माल्ट भिजला की नाही, हाताने दाबून कोण सांगणार? मी?" त्यांनी रजिस्टर मिटलं. "कोळसा यापुढे तारखेला बदलायचा. नाकावर नाही. कोणाच्याच."

"आणि पेला?" मास्तरांनी हळूच विचारलं. "सकाळचा पेला कोणी हुंगायचा?"

जाऊबाईंनी ठकीची वही धाकटीच्या पुढ्यात सरकवली.

"पहाटे पाचला घरचा नळ हुंगून जिला वहीत लिहायची खोड आहे, तिने." दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "टब मात्र उद्यापासून फाटकाबाहेर. बाटल्या उकळायच्या. आमच्या वेळी आम्ही उकळूनच घेत होतो."

माफीचा शब्द नव्हता. पण पाळण्याच्या खिळ्याकडे त्यांनी पाहिलं, तो हलतोय असं वाटल्यावर अंगठ्याने दाबून पाहिला, आणि मग गेल्या.

दुपारी दोन नंबरची टाकी गटारात सोडली. बराच वेळ आवाज येत राहिला. मास्तर शेवटपर्यंत नळापाशी उभे होते.

बुधवारी सोनसळी पुन्हा शिजायला घेतली. चूल मांडून झाली, माल्ट दळून तयार होता. धाकटीने पेलाभर पाणी गरम केलं, बशी झाकली, घड्याळाकडे बघत मिनिट मोजलं. मास्तर ठकीला कडेवर घेऊन शेजारी उभे होते. तिने बशी सरकवली आणि वाकली. एकदा हुंगलं. तिचा स्वतःवरही विश्वास नव्हता, म्हणून पुन्हा एकदा.

"काय?" मास्तरांनी विचारलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच हा प्रश्न त्यांच्याकडून येत होता, आणि त्यांचा आवाज त्यासाठी जरा बारीक झाला होता.

धाकटी सरळ झाली. तिने आणखी एकदा श्वास घेतला, या वेळी पेल्यापासून बाजूला तोंड करून.

"पाणी स्वच्छ आहे, मास्तर," ती म्हणाली. "ठकी नाही. आणा इकडे."